चकमकीच्या बंदुकीचा नेम कुठवर लागायचा? जुनी बंदूक पाहून ताडायला शिकणाऱ्यांसाठी

जुन्या बंदुकीपुढे चार माणसं जमली की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘हिचा कसला नेम, नुसता धूर.’ दुसरं, ‘ही अर्ध्या कोसावरचा माणूस टिपायची.’ दोन्ही निराधार आहेत, आणि दोन्ही म्हणणाऱ्यांनी बंदुकीकडे नीट पाहिलेलं नसतं. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुलै २०२४ मध्ये लंडनहून वाघनखं आली तेव्हा ती बघायला रांगा लागल्या. ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या बंदुकीपुढे मात्र कोणी मिनिटभरही थांबत नाही. खरं तर बघणाऱ्याला ती बरंच काही सांगते. ते वाचायचं कसं, एवढंच इथे सांगतो. इतिहासाचे विद्यार्थी, किल्ल्यांवर माहिती देणारी पोरं, ऐतिहासिक कथा लिहू पाहणारे, यांच्यासाठी हे आहे. बार काढायला शिकवणारा हा लेख नाही.

सोबत एक बारीक टॉर्च, व्हर्नियर कॅलिपर, पांढरा दोरा, बंदुकीच्या नळीपेक्षा लांब अशी सरळ लाकडी काठी आणि वही घ्या.

आधी ती रिकामी आहे ना, ते बघा

संग्रहालयात काचेमागे असेल तर प्रश्न नाही. पण आपल्याकडे बऱ्याच बंदुका वाड्यांतल्या भिंतींवर आहेत आणि खंडेनवमीला पूजेसाठी खाली उतरतात. हळदकुंकू वाहिलं जातं, फोटो निघतात, लहान मूल नळीच्या तोंडात डोकावतं. पणजोबांनी ठासून ठेवलेला बार आत तसाच असू शकतो. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते.

काठी नळीच्या तोंडातून अलगद आत सोडा. टेकली की तोंडापाशी बोटाने खूण धरा, काठी बाहेर काढा आणि नळीच्या बाहेरून तेवढीच लावून बघा. काठीचं टोक बुडाजवळच्या कानापर्यंत, म्हणजे जिथून आग आत शिरते त्या बारीक भोकापर्यंत, पोचलं पाहिजे. दोन-चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे. मग पुढची एकही पायरी करू नका. उकरायचं नाही, पाणी ओतून बघायचं नाही. पोलीस ठाण्याला कळवा आणि परवानाधारक कारागिराकडूनच ती रिकामी करून घ्या. हे होईपर्यंत कोणाचंही तोंड नळीसमोर येता कामा नये, अगदी टॉर्च मारायलाही नाही.

कायद्याचंही एका ओळीत सांगतो. चालू स्थितीतली ठासणीची बंदूक जुनी आहे म्हणून खेळणं ठरत नाही, ती शस्त्र अधिनियम १९५९ च्या कक्षेत येते. शेतीसंरक्षणाचा परवाना असलेल्यांना हे सांगायला नको.

मग कळ ओळखा

कळ म्हणजे बार पेटवणारी यंत्रणा. नेमाबद्दल बोलण्याआधी ही बंदूक चकमकीचीच आहे का ते ठरवा. तोडेदार बंदुकीत वाकडा लोखंडी दांडा असतो आणि त्यात पेटती वात धरलेली असते. चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या, म्हणजे चाप ओढल्यावर पडणाऱ्या दांड्याच्या, जबड्यात गारेचा तुकडा, त्यासमोर उभं पोलादी झाकण आणि झाकणाखाली रंजकाची, म्हणजे आग लावायच्या चिमूटभर दारूची छोटी वाटी असते. टोपीच्या बंदुकीत वाटीच नसते. तिथे एक बोंडी असते आणि तिच्यावर तांब्याची टोपी बसते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चकमकीच्या पुष्कळ बंदुका टोपीच्या करून घेतल्या गेल्या. कळीच्या पत्र्यावर बुजवलेली रिकामी भोकं दिसली तर समजा की इथे पूर्वी झाकण आणि त्याची कमान (स्प्रिंग) होती.

इथे एक गोष्ट खटकते ती बोलतोच. शिवकाळाच्या प्रसंगात हातात चकमकीची बंदूक दिलेली चित्रं सर्रास दिसतात. त्या काळी मराठी पायदळाच्या हाती मुख्यतः तोडेदार बंदुका होत्या. चकमकीच्या बंदुका मोठ्या संख्येने दिसू लागतात त्या अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, कवायती पलटणी उभ्या राहिल्यावर. आधी इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी, नंतर महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपीय सेनानीकडून उभ्या करवलेल्या. शिंद्यांचं मूळ गाव कण्हेरखेड आपल्याच कोरेगाव तालुक्यातलं, त्यामुळे साताऱ्याच्या माणसाने एवढा फरक तरी जाणायला हवा. कळीवर उभा सिंह कोरलेला असेल तर ती ईस्ट इंडिया कंपनीची, साधारण १८०८ नंतरची. कंपनीच्या आखूड नळीच्या नमुन्याची बंदूक इतकी चालली की १७९७ मध्ये खुद्द ब्रिटिश सैन्याने ती उचलली. आपल्याकडे दिसणाऱ्या बंदुकांत या नमुन्याच्या बऱ्याच असतात, म्हणून पुढची उदाहरणं तिचीच घेतो.

तोंडाशी थांबा, घाई करू नका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नेमाचा निम्मा हिशेब नळीच्या तोंडाशी लागतो.

टॉर्च तिरका मारून आत बघा. भिंत गुळगुळीत आहे की पेचदार खाचा आहेत? खाचा असतील तर गोळीला गिरकी मिळते आणि ती सरळ जाते. १८०० साली ब्रिटिशांनी घेतलेल्या बेकर रायफलीत अशा सात खाचा होत्या आणि त्या अडीच फूट लांबीच्या नळीत फक्त पाव फेरा घेत होत्या. खाचांच्या बंदुका आपल्याला क्वचितच भेटतील. बहुतेक नळ्या गुळगुळीत असतात.

आता कॅलिपरने तोंडाचा आतला व्यास मोजा, एकदा आडवा, एकदा उभा. कंपनीच्या बंदुकीचा तो १९ मिलिमीटरच्या आसपास येतो. गोळी मात्र साधारण साडेसतराची असायची. म्हणजे दीड मिलिमीटरची फट, आणि सगळी गोम या फटीत आहे.

गोळी एवढी सैल का ठेवायची? काळी दारू जळली की तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग काजळी आणि क्षार होऊन उरतो. त्यातला बराचसा धुरात उडून जातो, बाकीचा नळीला धरतो. दहा-वीस बारांनंतर नळी आतून अरुंद होत जाते. घट्ट बसणारी गोळी मग अर्ध्यात अडकते, आणि समोरून घोडदळ येत असताना गज, म्हणजे ठासायची सळई, ठोकत बसायला सवड नसते. सैल गोळी कागदी काडतुसातून ओतली की घसरत खाली जाते. सराईत शिपाई मिनिटाला तीन बार काढायचा. थोडक्यात, त्या काळच्या सेनापतींनी नेम देऊन वेग घेतला. कारागिराला जमत नव्हतं म्हणून फट राहिली, असं नाही.

आता या फटीचं काय होतं ते बघा. बार उडाला की सैल गोळी नळीच्या भिंतींवर टप्पे खात बाहेर येते. शेवटचा टप्पा डावीकडे लागला तर ती उजवीकडे निघते. शिवाय भिंतीला घासल्यामुळे तिला वेडीवाकडी गिरकी बसते, दर वेळी वेगळी. या गिरकीमुळे गोळी हवेत वळते, हे इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्सने १७४२ च्या सुमारास दाखवून दिलं. त्याने एका बंदुकीच्या नळीचं तोंड मुद्दाम डावीकडे किंचित वाकवलं आणि वाटेत पातळ कागदाचे पडदे टांगले. गोळी आधी डावीकडे गेली आणि पुढच्या पडद्यांवर उजवीकडे वळलेली सापडली, कारण वाकलेल्या भागात ती उजव्या भिंतीला घासत आली होती. हाच रॉबिन्स पुढे कंपनीचा इंजिनियर म्हणून हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या किल्ल्यात वारला.

शिकारी मात्र हाच त्रास वेगळ्या रीतीने टाळायचे. ते गोळी तेलकट चिंधीत गुंडाळून ठासत. चिंधी फट भरते, गोळी मधोमध राहते आणि खाचा असतील तर चिंधीच खाचांत रुतून गोळीला फिरवते. वेळ लागतो, पण नेमात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. त्यामुळे तीच गुळगुळीत नळी एका माणसाच्या हाती भरवशाची आणि दुसऱ्याच्या हाती बेभरवशाची असू शकते. बंदूक बघून ‘नेम अमुक’ असं एकच उत्तर देता येत नाही, ते यामुळे.

तोंडाची कडाही बोटाने चाचपा. लोखंडी गज वर्षानुवर्षं एकाच बाजूने घासला की तिथे वाटीसारखी झीज होते. उभ्या-आडव्या मापात अर्ध्या मिलिमीटरचा फरक आला तर समजा, गोळी सुटताना ज्वालेचा दाब एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला ढकलतो. नळी आतून खडबडीत असूनही कडा शाबूत असेल, तर मी अशी नळी चकचकीत पण तोंड झिजलेल्या नळीपेक्षा बरी मानीन.

गोळ्या सोबत ठेवलेल्या असतील तर नशीब समजा. त्यांच्यावर ओतीव कामाची शेपटी तशीच आहे का, शिशात हवेचे पोकळ फोड आहेत का ते बघा. १७.५ मिलिमीटरची भरीव शिशाची गोळी ३२ ग्रॅमच्या आसपास भरते. चार गोळ्या ज्वेलरच्या काट्यावर ठेवा. वजनं एकमेकांपासून फार लांब गेली तर त्या एका ठिकाणी पडणार नाहीत.

नळीची लांबी, आणि माशी

‘नळी लांब म्हणून नेम पक्का’ हा समज आपल्याकडे फार आहे. लांबीने दारूला जळायला वाव मिळतो आणि गोळीचा वेग काहीसा वाढतो. नेमाला फायदा होतो तो नळीच्या वर नेम धरायला असलेला पुढचा उंचवटा, म्हणजे माशी, आणि मागची खाच यांच्यातलं अंतर वाढल्यामुळे. हे अंतर एक मीटर असेल आणि तुमची माशी एक मिलिमीटर सरकली, तर १०० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर चुकते. अंतर निम्मं असेल तर चूक दुप्पट.

आता कंपनीच्या बंदुकीवर मागची खाच शोधा. सापडणार नाही. तोंडाजवळचा लोखंडी ठोकळा दिसतो, तो संगीन अडकवायचा. शिपाई त्यालाच माशी मानायचा. मागे काहीच नसल्यामुळे शिपायाचा गाल दस्त्यावर दर वेळी कुठे टेकतो यावर सगळं अवलंबून. आपल्याकडच्या कित्येक लांब नळीच्या तोडेदार बंदुकांवर मात्र मागे खाच आणि पुढे माशी, दोन्ही नीट बसवलेली असतात. तोडेदार म्हणजे मागासलेली आणि चकमकीची म्हणजे सुधारलेली, असं सरसकट म्हणता येत नाही. पाऊस, वाऱ्यात पेटती वात सांभाळण्याचा त्रास आणि रात्री दिसणारा वातीचा निखारा, या बाबतींत चकमक सरस. नेमात तसं नाही.

नळी वाकली आहे का ते दोऱ्याने बघा. बुडापासून तोंडापर्यंत दोरा ताणून वरून आणि बाजूने निरखा. निमुळत्या नळीत दोरा मधे थोडा सुटा दिसू शकतो, तेव्हा दोन्ही बाजूंची फट सारखी आहे का एवढंच पाहा.

चाप ओढल्यापासून बार होईपर्यंत

तोंडाच्या खालोखाल महत्त्व या क्षणाला. चाप ओढला की घोडा पडतो, गार झाकणाच्या पोलादावर खरवडते, पोलादाचे जळते कण वाटीत पडतात, रंजक पेटतं, ज्वाला कानातून आत जाते आणि मग मुख्य दारू पेटते. ठिणगी गारेची नसते, ती पोलादाची असते. म्हणून झाकण नीट कडक केलेलं नसेल तर गार कितीही चांगली असो, उपयोग नाही. या सगळ्याला चांगल्या कळीतही सेकंदाचा विसावा हिस्सा तरी लागतो, मामुली कळीत दहावा किंवा त्याहून जास्त. आजच्या रायफलीत हेच काम काही मिलिसेकंदांत होतं.

दहावा हिस्सा म्हणजे काहीच नाही असं वाटेल. दौडत्या घोड्याचा वेग सेकंदाला १० मीटर धरा. तेवढ्यात तो एक मीटर पुढे गेला, आणि गोळी अजून नळीतच आहे. स्वार स्थिर असला तरी तुमचे हात स्थिर नसतात. त्यात डोळ्यांपुढे एका हाताच्या आत जाळ उठतो आणि जाळ उठला की डोळे मिटतात, मान मागे जाते. माझ्या मते गुळगुळीत नळीच्या नावावर जमा झालेल्या कितीतरी चुका खरं तर या मिटलेल्या डोळ्यांच्या आहेत.

कळीवर काय बघायचं? झाकणाचा पुढचा भाग पाहा. वरपासून खालपर्यंत सारख्या उभ्या रेघा असतील तर गार पूर्ण लांबी खरवडत होती. एकाच ठिकाणी खड्डा पडला असेल तर घोडा आपटत होता, खरवडत नव्हता, आणि ठिणग्या कमी पडत होत्या. कान वाटीच्या तळाच्या वर, मधल्या उंचीला असावा. फार खाली असेल तर तो रंजकाखाली बुजतो. मग दारू एकदम न भडकता वातीसारखी सरकत जळते आणि ‘फुस्स... ठो’ असा उशिरा बार होतो. कानाचं मूळ भोक दीड-पावणेदोन मिलिमीटरचं असतं. वापराने ते झिजून मोठं होतं, ज्वाला मागे जास्त निसटते आणि गोळीचा वेग दर बाराला बदलतो.

गारेचं म्हणाल, तर फ्रेंच गारा मधाच्या रंगाच्या आणि इंग्रजी काळ्या असत. सह्याद्रीच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत सापडणारी अकीक-गारगोटीही ठिणगी पाडते. घोड्याच्या जबड्यात असा पांढुरका तुकडा दिसला तर तो नंतर कोणीतरी इथेच बसवला असण्याची शक्यता धरा.

दारू आणि आपलं हवामान

हे बंदुकीकडे बघून कळत नाही, पण विचारात घ्यावंच लागतं. शिपाई काडतूस दातांनी फाडून त्यातलीच चिमूट वाटीत टाकायचा आणि उरलेली नळीत. चिमूट दर वेळी सारखी कशी असेल? दारू कमी-जास्त झाली की गोळी वर-खाली पडते. ठासण्याचा जोरही दर वेळी सारखा नसतो.

दमटपणा तर विचारूच नका. दारूतला सोरा ओला झाला की ती मंद जळते, आणि नळीतली काजळी ओल शोषून चिकट होते. एकाच सातारा जिल्ह्यात हे दोन टोकांना दिसतं. जुलैत कोयनेच्या खोऱ्यात वाटीतलं रंजक बघता बघता सादळेल. माणमध्ये, जिथे वर्षाचा पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास, तिथे त्याच महिन्यात ते पेटण्याची शक्यता कितीतरी जास्त. पण कोरड्या हवेत काजळी कडक होऊन गज अडतो. शिकाऱ्यांच्या चिंधीला तेल किंवा चरबी लागायची ती यासाठीही.

वाराही धरा. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगीच उभ्या नाहीत. गोल गोळीचा वेग हवेत झपाट्याने पडतो, त्यामुळे ताशी १५ किलोमीटरचा आडवा वारा तिला १०० मीटरवर वीतभर बाजूला सारू शकतो. आणि तेवढ्याच अंतरात ती नळीच्या रेषेपासून फूट-सव्वा फूट खाली येते.

घरी करायचा प्रयोग

बंदुकीशिवाय हे अंगात भिनवायचा एक मार्ग आहे. चार-साडेचार फुटांची काठी घ्या, तिला वाळूच्या पिशव्या बांधून एकूण वजन साडेचार किलोच्या आसपास आणा. टोकाला लेझर पॉइंटर चिकटवा. दहा मीटरवरच्या भिंतीवर कागद लावा, खांद्याला टेकवून उभ्याने नेम धरा. समोर कोणी नाही याची खात्री करा. ठिपका किती भटकतो ते मित्राला पेन्सिलने खुणावायला सांगा. भिंतीवर तीन सेंटिमीटर भटकला तर १०० मीटरवर तीस. मग मित्राला न सांगता कानाजवळ टाळी वाजवायला लावा आणि ठिपका कुठे उडतो ते बघा. टाळीनंतरही ठिपका जागेवर ठेवता आला की चकमकीच्या बंदुकीवर नेमबाज माणसाला काय साधायला लागायचं ते कळतं. एअर रायफलच्या क्लबात जाणाऱ्यांना हे पटकन जमतं, कारण छर्रा बाहेर पडेपर्यंत धरलेला नेम न सोडण्याची सवय त्यांना असते.

आता अंदाज बांधा

इथे दोन गोष्टी हाताशी ठेवा. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या शस्त्रागारातल्या जुन्या बंदुका १९८० च्या दशकाच्या शेवटी पक्क्या चौकटीत बांधून, विजेने पेटवून तपासल्या गेल्या. माणसाचा हात नाही, कळीचा उशीर नाही. तरीही १०० मीटरवर उभ्या माणसाएवढ्या लक्ष्यावर बऱ्याचशा गुळगुळीत नळ्यांच्या साधारण निम्म्याच गोळ्या लागल्या. हा झाला नुसत्या फटीचा दोष. आणि जॉर्ज हँगर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८१४ मध्ये अनुभवाने लिहून ठेवलं की साधी सैनिकी बंदूक ८० यार्डांवर माणसाला लागेल, १०० वर कदाचित. १५० वर नेम धरून मारलेली गोळी ज्याला लागली त्याचं नशीबच फुटकं. एक यार्ड म्हणजे तीन फूट. या दोन्हींच्या मधे तुमची बंदूक कुठे बसते ते झीज, फट, माशी आणि कळ पाहून ठरवा. एकट्या माणसाचा नेम आणि शंभर जणांनी एकदम झाडलेल्या फैरीचा परिणाम हे वेगळे प्रश्न आहेत, त्यांची सरमिसळ करू नका. फैरीपुढे लक्ष्य म्हणजे माणसांची अख्खी भिंत असायची.

वहीत नोंद लिहिताना आकडे आधी आणि मत शेवटी. नमुन्यादाखल अशी: ‘कंपनी बनावट, कळीवर उभा सिंह. नळी गुळगुळीत, ९९ सेंटिमीटर. तोंड आडवं १९.३, उभं १९.६, खालच्या बाजूला गजाची झीज. मागची खाच नाही. झाकणावर रेघा वरच्या निम्म्या भागातच, घोड्याची कमान सैल. कान २.५ पर्यंत झिजलेला. साडेसतराची गोळी धरली तर फट जवळजवळ दोन. नवी असताना ७०-८० मीटरवर उभा माणूस. आज दिसते त्या अवस्थेत ५० वरही खात्री नाही.’